पांढरी चिंधी

"उद्या मी गाडीचे पुढचे ब्रेक घरीच बदलणार आहे," असं माझी सून शनिवारी जेवताना म्हणाली, तेव्हा माझ्या हातातला चमचा हातातच राहिला.

"अगं, ब्रेक म्हणजे काय खिडकीचे पडदे आहेत का? जुने काढले, नवे अडकवले?"

"साधारण तसंच असतं, आई," ती म्हणाली आणि शांतपणे पाणी प्यायली.

असला उंटावरचा शहाणपणा मी दुसऱ्या कुणाचा चालवून घेतला नसता. पण हिच्यापुढे माझं काही चालत नाही, आणि खरं सांगायचं तर चालावं असं मला वाटतही नाही. ही फिरती नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा बांधते, इंजेक्शनं देते, नळ्या बदलते. गाडी म्हणजे तिचे पाय. आणि गेले काही दिवस ब्रेक दाबला की त्या गाडीच्या पुढच्या चाकांतून किंचाळल्यासारखा आवाज यायचा आणि स्टिअरिंग हीव भरल्यासारखं थडथडायचं. गॅरेजवाल्याने पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं होतं. सोमवारी तर तिला टेकडीवरच्या म्हाताऱ्या बाईंची जखम बांधायला जायचं होतं. तिथला उतार असा आहे की माणूसही जपून उतरतो.

"मागचे गेल्या वर्षीच नवे टाकलेत, त्यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "पुढच्या दोन डिस्क आणि पॅड, एवढंच काम आहे. सामान आणलंय."

नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहणाऱ्या माझ्या मुलाचा फोन आला, तो म्हणाला, "आई, तिला अडव." मी म्हटलं, "लग्न तू केलंस, तूच अडव." त्यावर त्याने विषयच बदलला. त्यालाही अनुभव आहे.

जेवणाच्या टेबलाशी आणखी एक माणूस बसला होता, आणि तो या सगळ्यावर अवाक्षर बोलला नव्हता. आमचे हे. माझी खरी काळजी गाडीची नव्हतीच, ह्यांची होती.

ह्यांनी आयुष्यभर शिवणाची मशीनं दुरुस्त केली. दूरदूरचे शिंपी ह्यांच्याकडे मशीन घेऊन यायचे, आणि मशीनच्या नुसत्या आवाजावरून हे दुखणं सांगायचे. शर्टाच्या खिशाला पेन असतं तसा ह्यांच्या खिशाला बारीक स्क्रू-ड्रायव्हर असायचा. लग्नसमारंभालाही तो घेऊन जायचे. मग ह्यांचे हात थरथरायला लागले. एकदा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मशीनमध्ये तिळाएवढा स्क्रू पडला, आणि तो उचलायला ह्यांना काही केल्या जमेना. चिमट्यात धरायचे आणि सुटायचा. बाई समोर बसल्या होत्या. शेवटी त्या मशीन गुंडाळून घेऊन गेल्या आणि चौकातल्या नव्या मशीनवाल्याकडे टाकलं. त्या दिवशी ह्यांनी हत्यारांच्या पेटीला कुलूप लावलं आणि ती पलंगाखाली सरकवली. खिशातला स्क्रू-ड्रायव्हरही तिच्यातच गेला.

तेव्हापासून हे आणि खिडकी. सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत मांडीवर. विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेही नाही. आणि ब्रेकचं हे निघालं त्याच आठवड्यात ह्यांनी मला सांगितलं की चौकातला मशीनवाला रविवारी संध्याकाळी येऊन पेटी घेऊन जाईल. तसा निरोपही ह्यांनीच पाठवला होता.

"पडून पडून गंजण्यापेक्षा त्याच्या कामाला येईल," हे म्हणाले.

मी भांडले, रडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. मला स्वच्छ दिसत होतं की ती पेटी उंबरा ओलांडून गेली की हा माणूसही गेल्यातच जमा. मग सकाळी उठायचं ते केवळ चादर घडी करता यावी म्हणून. हे सगळं मी सुनेजवळ बोलले होते. तिने नुसतं ऐकून घेतलं होतं.

रविवारी सकाळी तिने गाडी अंगणात आणली आणि बरोबर ह्यांच्या खिडकीखाली उभी केली. मला वाटलं, सावलीसाठी.

"आई, बाबांची खिडकी उघडी असू दे हं," ती म्हणाली. "हवा येईल."

मग तिने काम मांडलं. मांडलं हाच शब्द बरोबर आहे. जुन्या चादरीवर पाने, पकडी, हातोडी, तारेचा ब्रश अशी सगळी हत्यारं ओळीने ठेवली, हातमोजे चढवले, केस बांधले. ऑपरेशनच्या आधी नर्स मांडते तसं. मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट जरा सैल केले. मग जॅकने गाडी उचलली आणि खाली लोखंडी स्टँड दिले. वर गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पडायची असेल तर मी खाली जायच्या आधीच पडू दे," ती म्हणाली.

मी एक खुर्ची घेऊन जरा लांब बसले. भाजी निवडायचं निमित्त केलं होतं, पण त्या दिवशी भाजीत देठ किती गेले हे न विचारलेलं बरं.

दोन्ही चाकं निघाली. आत चाकामागे एक जाड लोखंडी थाळी असते, तीच डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी पॅड धरतात म्हणून गाडी थांबते. जुन्या डिस्कला बोट लागेल अशा चरी पडल्या होत्या, आणि पॅड झिजून पत्र्याला आले होते. "बघा आई, आपण ह्याच्यावर हिंडत होतो," ती म्हणाली. पॅडना धरून ठेवणारा तो बोजड भाग तिने सोडवला, पण लोंबकळू दिला नाही, तारेने वर बांधून ठेवला. "ह्याच्या नळीवर वजन येता कामा नये," म्हणाली. सलाइनच्या नळीबद्दलही ती असंच बोलते.

आता उरली नुसती डिस्क. ती एका लहानशा स्क्रूने बसवलेली होती, आणि तो स्क्रू गंजून आत जो रुतला होता तो हलायचं नाव घेईना. सुनेने स्क्रू-ड्रायव्हर लावला, पिळला. कर्र. घसरला. पुन्हा लावला. कर्र. पुन्हा घसरला.

वर खिडकीत वर्तमानपत्राचा आवाज झाला.

तिसऱ्यांदा कर्र झालं आणि वरून आवाज आला, "अगं ए! त्याच्या डोक्याचं मातेरं करशील!"

"मग काय करू बाबा?" ती खालूनच म्हणाली. वर बघितलंही नाही.

"आधी घट्ट कर त्याला! केसभर घट्ट, मग सैल! आणि तो स्क्रू-ड्रायव्हर फेकून दे, त्याचं टोक बसतच नाही त्यात!"

"माझ्याकडे हाच आहे."

मी देठ निवडत राहिले. मग आतून एक आवाज आला, जो ऐकायला माझे कान आसुसले होते: पलंगाखालून पेटी ओढल्याचा. जरा वेळाने हे दारात उभे राहिले, पायात घरातल्या चपला, काखेत पेटी, कपाळावर आठ्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

जिला तान्ह्या बाळाच्या हाताची शीर पहिल्या झटक्यात सापडते, तिचा हात एका स्क्रूवरून तीन वेळा घसरतो? मी तिच्याकडे बघितलं. ती बाजूला सरून ह्यांना जागा करून देण्यात गुंतली होती. मी मनातल्या मनात म्हटलं, पोरी, तुझे पाय धुवून पाणी प्यावं.

ह्यांनी पेटीतून आखूड, जाड दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्क्रूच्या खाचेत बसवला आणि सुनेला म्हणाले, "मी धरतो, तू मागून हातोडीने ठोक. जोरात नको, दार वाजवतेस तसं." ती ठोकत गेली. ह्यांचे हात थरथरत होते, पण दोन्ही हातांनी पकडलेला तो जाड दांडा कुठे जाणार? केसभर घट्ट, मग सैल. टक् करून स्क्रू सुटला. ह्यांनी तो माझ्याकडे धरून दाखवला. लग्नानंतरची पहिली कमाईही ह्यांनी अशी दाखवली नव्हती.

मग दुसऱ्या बाजूचा स्क्रू. मग डिस्क हातोडीने ठोकून मोकळ्या करणं. हे तारेचा ब्रश घेऊन डिस्कच्या बैठकीवरचा गंज खरवडत बसले, चाकाच्या पोकळीत तोंड घालून, आणि तोंडाने अखंड बडबड: कुठल्या कंपनीचा स्क्रू कसा, कुठला शिंपी मशीनला कसा छळायचा. किती महिन्यांचं साठलं होतं कोण जाणे. ह्यांची पाठ आमच्याकडे होती तेव्हाच सुनेने नव्या डिस्क खोक्यातून काढल्या आणि त्यांच्यावर एका डब्यातून कसलासा फवारा मारून त्या पुसल्या. कारखान्यातून येताना गंज धरू नये म्हणून त्यांना तेलाचा हात दिलेला असतो, तो काढावा लागतो, असं तिने मला सांगितलं. डबा पुरता रिकामा झाला. कोरड्या, पांढुरक्या डिस्क तिने स्वच्छ कागदावर ठेवल्या, आणि मी दोघांना जेवायला हाक मारली.

सून हात धुवायला आत आली. हातमोजे घातले तरी ह्या कामात कोपरापर्यंत काळं होतं, तिला वेळ लागला. हे काही लवकर येईनात. मी खिडकीतून बघितलं तर हे खाली बसले होते, हातात त्यांची लांब चोचीची तेलाची कुपी, आणि डिस्कवर हलक्या हाताने काहीतरी फिरवत होते. चेहऱ्यावर असं समाधान की मी हाक मारायचीसुद्धा थांबले. मला काय कळणार? ह्यांचा जन्मभराचा नेम मला ठाऊक होता: तेल दिल्याशिवाय कुठलंही यंत्र हातावेगळं करायचं नाही. कोरडं लोखंड दिसलं की ह्यांचा हात आपोआप कुपीकडे जातो.

जेवून आम्ही बाहेर आलो. सुनेने डिस्क उचलली आणि ती जागच्या जागी थांबली. डिस्क नव्या भांड्यासारखी चमकत होती. तिने बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"तेल दिलंय बरं का दोन्हीला," हे म्हणाले. "आता वर्षानुवर्षं गंजायची नाहीत."

मला आता कळलं. ब्रेकला तेल! माझी जीभ वळवळली. तोंडाशी आलंच होतं, पण सुनेने माझ्याकडे एकदा बघितलं. आजाऱ्याच्या खोलीत नातेवाईक रडायला लागले की नर्स बघते तसं. मी ओठ मिटले. अळीमिळी गुपचिळी.

ती ह्यांच्या शेजारी खाली बसली. "बाबा, आमचे पांढरे युनिफॉर्म शिवणाऱ्या बायकांची मशीनं तुमच्याकडेच यायची ना?"

"यायची म्हणजे? सगळी माझ्याकडेच."

"मग पांढऱ्या कापडाला डाग पडायचा नाही? एवढं तेल मशीनला."

"पडेल कसा?" हे रंगात आले. "परत द्यायच्या आधी जिथे जिथे कापड टेकतं तिथलं सगळं तेल मी स्पिरिटने काढायचो. आणि नुसतं डोळ्याने बघून नाही. पांढरी चिंधी ओढायची त्याच्यावरून. पहिली पिवळी येते, दुसरी जरा कमी. चिंधी कोरी येईपर्यंत मशीन द्यायचं नाही." मग हे थांबले. "का गं?"

"ह्या डिस्कही तशाच लागतात," ती म्हणाली. आवाज एकदम साधा, मीठ दे म्हणावं तसा. "तेलाचं बोट जरी राहिलं तरी पॅड घसरतो. गाडी थांबत नाही."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग डिस्ककडे, मग हातातल्या कुपीकडे. चेहऱ्यावरचं समाधान उतरलं ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि हात असे थरथरायला लागले की कुपीची चोच पेटीच्या कडेवर वाजू लागली. त्या आवाजात मला तो चिमट्यातून सुटणारा स्क्रू ऐकू आला. झालं, मी मनात म्हटलं. आता पेटी मिटणार. आणि मशीनवाला संध्याकाळी येणारच आहे.

"म्हणजे मी वाट लावली," हे हळूच म्हणाले.

"अजून नाही," ती म्हणाली. "पॅड बसवले असते तर लागली असती. बाबा, खरं सांगते, माझा फवारा संपलाय, आणि ह्या कामाची नजर मला नाही. मला लोखंड चकचकीत दिसलं की स्वच्छच वाटतं. उद्या मी ही गाडी टेकडीच्या उतारावर घेऊन जाणार आहे. तुम्ही चिंधी कोरी आली म्हणाल तेव्हाच मी ह्या लावणार. तोवर नाही."

ह्यांनी कुपीला टोपण लावून ती बाजूला ठेवली आणि पेटीच्या तळाशी हात घातला. तिथे एक चपटा डबा होता. त्यात माझ्याच एका जुन्या पांढऱ्या चादरीचे तुकडे, चौकोनी कापून, इस्त्रीची घडी असल्यासारखे. त्याच्याशेजारी स्पिरिटची बाटली.

आणि मग मी पुन्हा एकदा ह्यांना काम करताना बघितलं. तुकडा भिजवायचा, मधून कडेकडे पुसत न्यायचं, तुकडा टाकून द्यायचा. तोच तुकडा परत नाही. डिस्कच्या मधल्या फटी, कडा, मागची बाजू, सगळं. हात थरथरतच होते, पण पुसणाऱ्या हाताला थरथर आडवी येत नाही. हे मला तेव्हा दिसलं, आणि मला वाटतं ह्यांनाही तेव्हाच दिसलं, कारण खांदे जरा सैल झाले. मग कोरडी पांढरी चिंधी ओढायची आणि उन्हात धरून बघायची. पिवळी. पुन्हा स्पिरिट. पुन्हा चिंधी. अगदी फिकट पिवळी. मला तर ती पांढरीच दिसत होती.

"झाली की हो," मी म्हटलं.

"तू गप्प बस," हे म्हणाले. किती दिवसांनी मला असं दटावलं होतं! मला इतकं बरं वाटलं की मी खरंच गप्प बसले.

मान खालीच ठेवून हे सुनेला म्हणाले, "तुझ्या पिशवीत स्पिरिट असतं की. बाटलीभर. मला माहीत आहे."

"असतं," ती म्हणाली. "पण तुमची चिंधी नसते."

ह्यांनी मान हलवली आणि दुसरी डिस्क घेतली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. तिने घाई केली नाही, मदतीला हात पुढे केला नाही, एकदाही "पुरे" म्हटलं नाही. मदत करणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, आणि मीही त्यातलीच. पण हात मांडीवर ठेवून एखाद्याला त्याचं काम करू देणं मला ह्या वयातही जमत नाही. ते तिला जमतं.

शेवटी ह्यांनी एक चिंधी उन्हात धरली, उलटी केली, पुन्हा धरली आणि तिच्यापुढे केली. "लाव," एवढंच म्हणाले.

पुढचं भराभर झालं. डिस्क बसल्या, नवे पॅड बसले, बोल्ट आवळले गेले. डिस्कला बोट लावताना ती प्रत्येक वेळी नवे मोजे घालत होती आणि हे तिच्या हातांवर पोलिसासारखी नजर ठेवून होते. चाकं चढली, गाडी खाली आली. निघण्याआधी तिने जागेवरच ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबलं. आधी ते भसकन खाली गेलं तसा माझा जीव गेला, मग हळूहळू कडक झालं.

"कोण येतंय?" तिने विचारलं.

हे काही न बोलता पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसले. मी मागे. मरायचं तर सहकुटुंब, असं मी म्हटलं आणि दोघांनीही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मागच्या मोकळ्या रस्त्यावर ती वेग घ्यायची आणि हळूच कमी करायची, पुन्हा घ्यायची, पुन्हा कमी करायची. नव्या पॅडची आणि डिस्कची आधी ओळख व्हावी लागते म्हणे. मग ती गाडी उताराच्या तोंडाशी घेऊन आली. खाली रस्ता सुतासारखा सरळ, तळाशी भिंत. ह्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट रोवलेले होते. मला कळत होतं, हे भिंतीला भीत नाहीत, आपल्या चिंधीला भीत आहेत.

गाडी सुटली. मध्यावर तिने ब्रेक दाबला. ना किंचाळी, ना थडथड. गाडी उतारावर अशी उभी राहिली, जणू जमिनीतूनच उगवली होती.

मग ह्यांनी खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढून पुढच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा एकदा कर."

तिने पुन्हा केलं. मी मागच्या सीटवर पदर डोळ्यांना लावला. ह्या दोघांतलं कुणी मागे बघणार नाही हे मला माहीत होतं.

संध्याकाळी चौकातला मशीनवाला आला, एक रिकामी मोठी पिशवी घेऊन. भला माणूस आहे तो, आल्या आल्या नमस्काराला हात जोडून उभा राहिला. पेटी अंगणातच होती, उघडी. हे एकेक हत्यार पुसून जागेवर ठेवत होते.

"काका, नेऊ ना पेटी?"

"आज नाही जमायचं," हे म्हणाले.

"मग पुढच्या रविवारी येऊ?"

ह्यांनी बारीक स्क्रू-ड्रायव्हर उचलला, पुसला, आणि पेटीत न ठेवता शर्टाच्या खिशाला लावला. "पुढच्या रविवारी गाडीची मागची चाकं उघडायची आहेत."

मागचे ब्रेक गेल्या वर्षीच नवे टाकलेत. शनिवारी जेवताना ती हे बोलली तेव्हा हे माझ्यासमोरच बसले होते, आणि ह्यांचे कान अजून तिखट आहेत. मी सुनेकडे बघितलं. ती मोजे उलटे करून काढत होती.

"हो," ती म्हणाली. "मागचेही एकदा बघायलाच हवेत."

मशीनवाल्याने पिशवीची घडी घातली. मी त्याला चहा दिला. पेटी मात्र त्या दिवशी पलंगाखाली गेली नाही. दाराशीच राहिली, ह्यांच्या चपलांच्या शेजारी, कुलपाशिवाय.